खेकड्याचा बारीक आवाज

“बाळाला बाबांच्या भरवशावर टाकून अंघोळीला जात जाऊ नकोस,” नणंद फोनवर म्हणाली होती. “त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता. परवा मी येऊन गेले ना, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.”

“बरं ताई, बघते,” सून म्हणाली आणि फोन ठेवताना तिनं नाक मुरडलं. बापलेकीचं हाडवैर तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. यायचं, सोफ्याच्या कडेवर टेकायचं, चहा अर्धा टाकायचा आणि जाताना बापाचा एखादा दोष उंबऱ्यावर ठेवून जायचा, ही ताईंची रीत. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, बाबांचा हात थरथरतो. हात तर असा स्थिर, की सुईत दोरा ओवायला द्यावा. कानाचंही तसंच असणार, असं म्हणून तिनं तो विषय दुधाच्या बाटलीबरोबर विसळून टाकला.

आणि कान तरी कोणाचा, तर उस्तादांचा. सासऱ्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. खाली त्यांचं गॅरेज, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गाडी दारात येऊन थांबायच्या आत ते सांगायचे, काय सैल झालंय आणि कुठं. बाकीचे मेकॅनिक यंत्रं लावून बघायचे, उस्ताद नुसते डोळे मिटायचे. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणत, माझं सोडून सगळ्यांचं ऐकू येतं यांना.

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात खेकडा असायचा. खेकडा म्हणजे एकाच माणसाची जुनी बग्गी. वाकवलेल्या पाइपांचा पिंजरा, पिंजऱ्यात एक सीट, सीटच्या पाठीशी मोटारसायकलचं असावं तसं इंजिन आणि चार फुगलेली चाकं. दार नाही, काच नाही, रस्त्यावर न्यायची सोय नाही. माती नि खडी तुडवण्यासाठीच जन्माला आलेला. बसका, रुंद आणि वळताना तिरका पळणारा, म्हणून खेकडा. नवरा शाळेत जायच्याही आधीचं ते मॉडेल. बापलेकांनी ते भंगारातून उचलून आणलं होतं आणि आता सुट्टीच्या दिवशी दोघं त्याच्यापुढं गुडघे टेकून बसायचे.

“एका सीटची गाडी आणणारा माणूस लग्न कशाला करतो?” तिनं नवऱ्याला विचारलं होतं.

“दोन सीटची आणली असती तर बसली असतीस?”

“नसते बसले. पण विचारलं तर असतंस.”

खरं सांगायचं तर खेकडा नसता तर त्या घरात बापलेक एकमेकांशी बोललेच नसते. नवरा बँकेत लागला, गॅरेजमध्ये उतरला नाही, हे उस्तादांनी पचवलं नव्हतं. दूध उतू गेलं तरी “बँकवाल्यांच्या घरात हे असंच” म्हणायचे. नवराही काही कमी नव्हता. जिन्यावर तेलकट चप्पल दिसली की लाथेनं खाली उडवायचा. दोघांची दिलजमाई कार्बुरेटरपाशी व्हायची, तीही इंजिन चालू असेपर्यंतच.

उस्ताद डोळे मिटून बसत, स्क्रू ड्रायव्हरची मूठ तळहातात धरून स्क्रू केसभर फिरवत. पेट्रोल थोडं कमी, हवा थोडी जास्त. इंजिनाचा घोगरा आवाज मोकळा व्हायचा, तडफ यायची.

“आता गातंय,” ते म्हणायचे.

“ओरडतंय,” ती वरून म्हणायची. “आत्ता कुठं झोपवलं होतं पोराला.”

एका दुपारी सगळे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत गेले. खेकडा टेम्पोत, बाळ तिच्या कडेवर. नवऱ्यानं दोन फेऱ्या मारल्या, धुळीनं पांढरा होऊन आला आणि म्हणाला, “तू बस. की घाबरतेस?”

“मी? तुझ्यासारखे दोन सांभाळते मी घरी.”

तिनं बाळ त्याच्या हातात कोंबलं, हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. पहिल्या गचक्याला तिनं स्टिअरिंग घट्ट पकडलं. दुसऱ्या वळणावर मागची चाकं घसरली, खडी पंख्यासारखी उडाली आणि तिला आपल्याच घशातून हसू आलेलं ऐकू आलं. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या अंगावर कोणी नव्हतं. कोणी ओढत नव्हतं, चघळत नव्हतं, काय करतेस म्हणून विचारत नव्हतं. एकच सीट, आणि ती तिची. खेकड्यावरचा राग क्षणभर कुठल्या कुठं गेला. तिनं चढाकडे तोंड केलं आणि पाय दाबला.

तेव्हा तो आला. इंजिनाच्या घरघराटावर तरंगणारा एक बारीक आवाज, काचेच्या बरणीत तांदूळ हलवावेत तसा. पाय उचलला की थांबायचा, चढावर जोर लावला की पुन्हा. मधल्या खोलीत बाळानं कूस बदललेली स्वयंपाकघरात कळणारे तिचे कान. ती खाली आली.

“बाबा, आत काहीतरी वाजतंय. बारीक, कडकड असं.”

उस्तादांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग सीटवर बसून खेकडा स्वतः चढावर घातला. खाली उभ्या असलेल्या तिला तो आवाज इतका स्पष्ट आला, की तिनं बाळाच्या कानावर हात ठेवला. उस्ताद परतले.

“काही नाही. कुठंय?”

“आत्ता वाजत होता की. चढावर.”

“चेन असेल,” नवरा म्हणाला. त्याला काहीतरी ऐकू आलं होतं, पण बापाच्या आधी ते ओळखायची त्याला सवय नव्हती.

“चेन,” उस्ताद म्हणाले. “आणि तू गं, एकदा काय बसलीस आणि मला शिकवायला निघालीस? उद्या भाकऱ्या मी थापतो, तू गॅरेज सांभाळ.”

घरी येऊन तिनं फोनवर वाचलं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन जोरात पळतं, पण आतून तापतं, आणि जोर पडला की असंच वाजतं. तसंच दामटलं तर पिस्टन वितळतो, इंजिन जागच्या जागी जखडतं. खेकड्याची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर होती. चढावर ती जखडली तर बसलेल्या माणसाचं काय होईल, ते वाचायची तिला गरज वाटली नाही. रविवारी जुन्या बग्ग्यांची हौस असलेले दहाबारा जण खाणीत जमणार होते, आणि नवरा खाणीची उभी भिंत चढणार होता.

आता तिला ताईंचा फोन आठवला. मग तिनं बघायला सुरुवात केली. पाठ करून बोलली की सासरे नुसतं “हं” म्हणत. ओव्हन शेजारी पिंपिं करत राही आणि ते पेपर वाचत बसत. बाळ मोठ्यानं भोकाड पसरी तेव्हा ते उठत, नुसतं चिरकलं तर मान वर करत नसत. जाड आवाज त्यांचे होते, बारीक आवाज गेले होते. इंजिनाचं गाणं त्यांना पूर्ण ऐकू येत होतं, फक्त त्यातला धोका सोडून.

“ताईनं भरवलं ना तुला?” नवरा म्हणाला.

“कानानं ऐकलंय मी.”

“त्या कानावर हे घर चाललंय. तुझ्या शिक्षणावर नाही.”

“मग रविवारी तू बसू नकोस. एवढंच म्हणते.”

“आणि सगळ्यांना सांगू काय, बायको नको म्हणाली?” त्यानं उशी उचलली आणि बाहेर सोफ्यावर गेला.

शनिवारी उस्तादांनी स्क्रू आणखी जरा फिरवला. ती जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, “बाबा, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का एकदा?” हे त्यांनी नीट ऐकलं, कारण ती समोर उभी होती.

“माझ्या घरात राहून मलाच बहिरा ठरवतेस?” ते म्हणाले. “ती एक गेली, आता तू. नवऱ्याला खाली उतरू दिलं नाहीस, आता मलाही गॅरेजबाहेर काढ.”

रविवारी सकाळी टेम्पो दारात लागला. नवरा हेल्मेट काखेत धरून उभा होता, टेम्पोवाला चहा पीत होता, उस्ताद खेकड्यावर वाकून नट आवळत होते. ती बाळाला कडेवर घेऊन खाली आली. तिच्या दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ होतं, बटणाएवढ्या सेलवर चालणारं, ज्याच्या पिरपिरीनं तिचेच दात शिवशिवत. ते वाजायला लावून तिनं सासऱ्यांच्या कानामागे, केसांना लागेल इतकं जवळ धरलं.

बाळ रडायला लागलं. टेम्पोवाल्यानं चेहरा वेडावाकडा केला. उस्ताद शांतपणे नट आवळत राहिले. वर तोंडानं शीळही घालत होते.

नवऱ्यानं हेल्मेट हळूच टेम्पोच्या फळीवर ठेवलं.

तो हलला म्हणून उस्तादांनी मान वर केली. मुलाचा चेहरा बघितला, टेम्पोवाल्याचा बघितला, मग वळून तिचा हात. घड्याळ अजून वाजत होतं. त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं, बोटांना लागणारी थरथर चाचपली आणि त्यांना सगळं कळलं.

“तमाशा झाला?” ते म्हणाले.

“बाबा, मला फक्त—”

“गप. माझ्या हातचं मशीन आहे. मीच बसतो.”

“तुम्ही नाही जायचं, बाबा,” नवरा म्हणाला. त्या घरात त्यानं बापाला पहिल्यांदा काळजीनं अडवलं असेल, आणि तेही उस्तादांना अपमानासारखंच लागलं. ते टेम्पोत चढून बसले. उतरवायला त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती.

खाणीत ते पट्टे न आवळताच बसले. उभ्या भिंतीच्या अर्ध्यापर्यंत खेकडा गुरगुरत सुंदर चढला, आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला बरणीतले तांदूळ ऐकू येत होते. मग आवाजच तुटला. मागची चाकं जखडली, खेकडा आडवा झाला आणि गडगडत खाली आला. पिंजऱ्यानं जीव वाचवला. खांदा मोडला, दोन बरगड्या गेल्या. नंतर इंजिन उघडलं तर पिस्टनला आरपार भोक होतं.

बरोबर ठरल्याचा आनंद तिला कोणी घेऊ दिला नाही, आणि तिलाही तो नको होता. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर नवरा म्हणाला, “मी बसलो असतो तर निभावलं असतं, मी तरुण आहे. तू त्यांना बसवलंस.” ताई आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चारचौघांत करायचं होतं का ते?” तिच्याकडे एकच उत्तर होतं, की नवरा जिवंत आहे. तिनं ते दिलं नाही.

उस्ताद घरी आल्यावर वर चढलेच नाहीत. गॅरेजमध्ये खाट टाकली, जिन्याच्या दाराला खालून कडी घातली. कानाचं मशीन नवऱ्यानं आणलं, ते डबीसकट नटबोल्टांच्या ट्रेमध्ये पडून आहे. पुढं बोलणी इतकी विकोपाला गेली, की नवरा-बायको बाळाला घेऊन दुसरीकडे राहायला गेले. ती डबा पाठवते, तो तसाच परत येतो. नवरा जातो, दारात उभा राहतो, शिव्या खाऊन परततो. तिला तर बघताच उस्ताद शटर ओढून घेतात.

पण खांदा धड नसताना ते अजून एकटेच इंजिनं उघडतात. हवेच्या टाकीची झडप सूं सूं करायला लागली तर त्यांना ऐकू जाणार नाही, पेट्रोलची नळी ठिबकली तरी नाही. ती बाळाला भरवता भरवता मध्येच थांबते, तेव्हा याचाच विचार करत असते.

म्हणून तिचं एक मागणं आहे, हे वाचणाऱ्याकडे. तुमच्या रस्त्याला असं अर्धं उघडं शटर असेल, आत एकटा म्हातारा इंजिनावर वाकलेला दिसत असेल, तर जरा आत डोकावा. हाक मारू नका, शटर वाजवू नका, पाठीमागून तर जाऊच नका. समोर उजेडात उभे राहा, म्हणजे त्यांना दिसाल. सायकलचा ब्रेक लागत नाही म्हणा, काहीही म्हणा. जेवलात का, ते विचारा. कोणी पाठवलं म्हणून त्यांनी विचारलंच, तर तिचं नाव काढू नका.