बानाबाईच्या औषधाचा माठ

मी एक जुना माठ आहे. काठ थोडा उडालेला, अंगावर क्षारांचे पांढरे डाग. पण लगेच नाक मुरडू नका मित्रांनो, माझ्या पोटात एका बाईचा जीव ठेवलेला असायचा.

पैठणच्या पुंडलिक कुंभाराने मला नदीकाठच्या मातीतून घडवले. बाजारात बानाबाईने मला बोटाने वाजवून पाहिले आणि डोक्यावरून घरी आणले. घर म्हणजे शहराच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या. तिचा नवरा मुंजाबा पूर्वी जिथे शेळ्या चारायचा, तिथे आता प्लॉट पडले होते. इमारती उठल्या, नळ मात्र आला नाही. माझे पाणी पिऊन पाहुणे "लई गार हाय की!" म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

मग बानाबाईला शुगर निघाली. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन, आणि पुढे त्याच्या जोडीला आणखी एक इंजेक्शन. डॉक्टरीणबाईंनी सून सुकेशनीला बजावले, "दोन्ही वेगवेगळी टोचायची, एकत्र करायची नाहीत. जेवायला बसतानाच घ्यायची. दुसऱ्या औषधानं भूक कमी लागेल, तरी ताटावरून उठायचं नाही, नाहीतर शुगर एकदम उतरेल."

घरात फ्रीज नव्हता. माझ्यात वाळू भरली, वाळूत छोटे बोळके बसवले आणि बोळक्यात औषधे ठेवली. वाळू ओली असली की आत गारवा राहायचा. पाण्याचा माठ होतो, औषधाचा माठ झालो. माझा तोरा आणखी वाढला.

तो तोरा दुष्काळाने उतरवला. धरण आटले, वस्तीवर टँकर कधी येईल याचा नेम राहिला नाही. बानाबाई आपल्या तांब्यातले पाणी आधी माझ्या वाळूवर ओतायची आणि उरलेले प्यायची. मला फार लाज वाटायची.

वैशाखातल्या एका दुपारी माझी वाळू पार सुकली होती. बानाबाईने दोन्ही सुया घेतल्या, सुकेशनीने भाकरी वाढली, आणि तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

"आत्याबाई, तुम्ही जेवा. म्या जाते."

"तू एकली किती आणशील? मला भूक बी नाय. औषध तापलं तर काय करायचं?" म्हणत बानाबाई हंडा घेऊन निघालीसुद्धा. ताट तसेच राहिले.

टँकर दारासमोरच होता. रांगेत तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, आणि ती हंड्यासकट खाली बसली. काहीबाही बरळू लागली. "ऊन लागलं गं!" म्हणत शेजारच्या भामाबाईने कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. सुकेशनी साखरेचा डबा घेऊन धावली, तर भामाबाईने तिचा हातच धरला.

"येडी का खुळी तू? शुगरवालीला साखर चारतीस? मारशील तिला!"

सुकेशनी घुटमळली. सगळी वस्ती तिच्याकडे बघत होती. बानाबाईची मान कलू लागली. मी दारात बसून नुसता बघत होतो, मित्रांनो. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

"शुगर चढली नाय, उतरलीय!" सुकेशनी ओरडली. "सुई घिऊन उपाशी आल्यात त्या!" तिने हात हिसडून सोडवला, तांब्यात साखर ढवळली आणि सासूला घोट घोट पाजली. हळूहळू बानाबाईची नजर ठिकाणावर आली. भामाबाई तिथेच रडू लागली.

शुद्धीवर आल्यावर बानाबाईने पहिले काय विचारले असेल? "माठाची वाळू भिजिवली का?"

आता घरात फ्रीज आहे आणि मी दारामागे कोरडा पडून आहे. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू! पण भोंगा वाजला की बानाबाई आजही ताटावरून अर्धी उठते. मग रस्त्यावरून भामाबाई ओरडते, "उठलीस तर बघ! तुझा हंडा म्या लावलाय!"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी सुई घेऊन जेवायला बसले, तर बाहेरून कसलीही हाक येवो, तुम्ही उठा. त्यांना जेवू द्या. माझी वाळू त्या दिवशी आणखी तासभर कोरडी राहिली असती, तरी चालले असते. बानाबाईपाशी तेवढा वेळ नव्हता.