चौदा फ्लॉप्यांची तिसरी खेप

दूध संघाच्या अकोले शाखेत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापाठोपाठ शुभांगी आली. दोघांचीही नेमणूक तात्पुरती. बेलापूरच्या मुख्य कचेरीतली जनावरांच्या लसीकरणाची यादी इथल्या मशीनमध्ये जशीच्या तशी उतरवायची, एवढंच काम. शनिवारपर्यंत जमलं तर ती कायम, नाहीतर मशीन टेम्पोत आणि बाईसाहेब घरी, असं मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं.

यादी चौदा फ्लॉप्यांवर मावायची. त्या बेलापूरहून जीपने आणायचं काम कानिफनाथ शिपायाचं. पहिल्या खेपेला मशीन अकराव्या फ्लॉपीला अडलं, दुसऱ्या खेपेला तिसऱ्या आणि सहाव्या. बेलापूरचा ऑपरेटर तुषार फोनवर शपथ घ्यायचा, "मॅडम, इथं वाचून बघितल्याशिवाय एकही देत नाही."

शुभांगी कोर्सला पहिली आलेली, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. तिने ड्राइव्ह साफ केला. कोऱ्या फ्लॉप्या इथेच भरून इथेच वाचल्या, तर सगळ्या चोख. म्हणजे मशीन निर्दोष, तुषारही निर्दोष. उरला मधला रस्ता आणि कानिफनाथमामा.

शनिवारी पहाटेच ती मामांबरोबर बेलापूरला गेली. परत निघताना मामांनी फ्लॉप्यांचा डबा धुतलेल्या उपरण्यात बांधला आणि जीपमध्ये चढून तो मागच्या सीटवरच्या भल्यामोठ्या स्पीकरवर ठेवायला हात उंचावला. ड्रायव्हर गोरक्षला गाण्यांचा भारी नाद.

"मामा, तिथे नको!" शुभांगीने डबा हिसकावलाच. "दर खेपेला इथंच ठेवता?"

"मग कुठं? विद्या हाय ही. खाली ठिवली तर पाय लागंल. जीपमदी ह्याच्याइतकी उंच, मानाची जागा न्हाई."

"अहो, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. ते फ्लॉपीवरचं सगळं पुसून टाकतं!"

मामांचा चेहरा पडला. "मी तुमाला इचारलं हुतं, कसं संबाळायचं."

विचारलं होतं खरं. 'तुम्ही नुसतं आणा मामा, तुम्हाला ते कळायचं नाही,' हे उत्तरही तिचंच. शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकोले येईपर्यंत तिने डबा मांडीवरून हलवला नाही.

दुपारी चौदाही फ्लॉप्या बिनतक्रार वाचल्या गेल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन. "घोटाळा काय होता? त्या शिपायाने काही केलं का?"

मामा दारातच उभे होते. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं 'हो' म्हटलं तरी भागलं असतं.

"चूक माझी, साहेब. कशा आणायच्या ते मी मामांना सांगितलंच नव्हतं."

पलीकडून साहेब म्हणाले, "सोमवारी कायम नेमणुकीची ऑर्डर पाठवतो. पण परत एक फ्लॉपी जरी बिघडली, तर ती ऑर्डर फाडून टाकीन."

शुभांगीने फोन ठेवला, मामांना खुर्ची दिली आणि फ्लॉपी म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. मामांनी लहान पोरासारखं मन लावून ऐकलं.

"म्हंजे जिथनं आवाज निगतो, तिथं लोहचुंबक."

"बरोबर."

"मग बाई," मामा टेबलाकडे बघत अदबीने म्हणाले, "तुमी त्यो फोन कशावर ठिवलाय?"

शुभांगी ताडकन उठली आणि तिने फ्लॉप्यांच्या डब्यावरून फोन उचलला.