चावून पाहिले

काकांचे दात कंपनीने ठेवून घेतले आणि काकांना घरी पाठवलं.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरी तसं ठरलेलं आहे. काका रजेवर आहेत, दात त्यांच्या तोंडात आहेत आणि काकूंनी आत्ता स्वयंपाकघरात जे भांडं आपटलं ते हातातून निसटलेलं आहे. तेव्हा जे झालंच नाही ते पहिल्यापासून सांगते.

माझे काका मेकॅनिकल इंजिनिअर. आमची कंपनी खाणं बनवायची यंत्रं बनवते. अलीकडच्या शेडमध्ये माणसांच्या बिस्किटांची, पलीकडच्या शेडमध्ये गाई, डुकरं, कोंबड्या आणि मासे यांच्या खाद्याची. मध्ये एक पत्र्याची भिंत आहे, ती फक्त माणसांना बरं वाटावं म्हणून. तत्त्व दोन्हीकडे एकच. पीठ भिजवायचं, वाफ द्यायची, भोकं पाडलेल्या जाड पोलादी चकतीतून दाबून काढायचं, कापायचं, वाळवायचं. त्या चकतीला डाय म्हणतात. भोक किती रुंद आणि किती खोल, त्यावर गोळी किती कडक होणार ते ठरतं. फार कडक झाली तर गाय तोंड फिरवते, फार मऊ झाली तर पोत्यात भुगा होतो.

कडकपणा मोजायचं उपकरण बाजारात मिळतं. आमच्याकडे काका होते.

कंपनी नवी होती तेव्हा पहिलं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं आणि उपकरण अजून वाटेत होतं. काकांनी गाईची गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, कडकन फोडली आणि म्हणाले, "हं." गाईने खाल्ली. गिऱ्हाईक खूश. उपकरण आलं तेव्हा त्याचं खोकं कुणी उघडलंच नाही. त्यावर आता चहाची किटली असते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात 'चा. पा.' असं छापलेलं. म्हणजे चावून पाहिले. खाली काकांची सही. ती नसेल तर आमचा फोरमन ड्रॉइंगला हात लावत नाही, मग ते कितीही सुंदर असो.

काकांची शिस्त कडक होती. उजवी दाढ जनावरांची, डावी माणसांची. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य पुढच्या दातांनी. माशांचं खाद्य पाण्याच्या घोटाबरोबर तोंडात धरून ते कधी विरघळतंय याची वाट बघायची. तेवढ्या वेळात त्यांना फोन जोडून द्यायचा नाही. निकाल दोनच. "हं" म्हणजे पास, "अंहं" म्हणजे डाय पुन्हा करा.

घरीही तेच. काकू बिस्किटं भाजायच्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. काका डाव्या दाढेने चावायचे. "हं." मग काकू पाठ फिरवून कामाला लागायच्या, पण मागूनसुद्धा खूश दिसायच्या. लग्न झाल्यापासून कौतुक म्हणून त्यांच्या वाट्याला हे एकच अक्षर आलेलं. त्यावर त्यांनी संसार केला.

मीही मेकॅनिकल झाले आणि काकांच्या हाताखाली लागले. वशिल्याने नाही. मुलाखतीत काकांनी माझ्यापुढे एक गोळी ठेवली आणि विचारलं, "काय वाटतं?" मी चावून म्हटलं, "मीठ कमी आहे." ती डुकरांची होती. दुसऱ्या उमेदवाराने त्याला दिलेली गोळी खिशात टाकली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे लवकरच कुणीतरी तपासायला येणार हे उघड होतं. आल्या. तपासनीस बाई. त्यांचं प्रमाणपत्र नसेल तर मोठी गिऱ्हाइकं यंत्रं घेणार नव्हती. आमचे धाकटे मालक त्यांच्यामागे चहाचा कप घेऊन फिरत होते.

"कडकपणा कशावर मोजता?" बाईंनी विचारलं.

"ह्यांच्यावर," फोरमन म्हणाला.

काकांच्या तोंडात माशांचं खाद्य होतं. त्यांनी नुसती मान डोलावली.

"हे उपकरण शेवटचं कधी तपासलं होतं?"

"परवा जरा सर्दी होती," फोरमन म्हणाला. "आता बरंय."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. धाकट्या मालकांनी तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

दुपारी धाकट्या मालकांनी काकांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "साहेब, दोनच रस्ते. तुमच्यासारखंच चावणारं उपकरण करा. ते तुमच्याशी जुळलं तर सही तुमचीच राहील. नाही जुळलं तर ते खोकं उघडू. मग तुम्ही आराम करा."

आराम हा शब्द ऐकून काकांना घाम फुटला.

"तू कर ते उपकरण," घरी जाताना ते मला म्हणाले. "माझी सही राहिली पाहिजे. सही गेली तर मी सकाळी उठून चावू काय?"

"मग तुमच्या जबड्याचा साचा घ्यावा लागेल, काका."

"साचा नको. अंदाजाने कर."

मी चालता चालता थांबले. एकदा मी अंदाज हा शब्द नुसता उच्चारला म्हणून या माणसाने माझा चहा बंद केला होता.

पुढे काकांना काय काय झालं. तोंड आलं, मान आखडली, साच्याच्या पेस्टच्या वासाने मळमळलं. पेस्टचं डबडं तोवर उघडलेलंही नव्हतं. शेवटी मालकांनीच दिवस ठरवला. चाचणीच्या खोलीत काकांना खुर्चीत बसवलं, गळ्याला टॉवेल बांधला. मालक हजर, फोरमन हजर. काकूही हजर, कारण त्या दिवशी काका जन्मात पहिल्यांदा डबा घरी विसरले होते आणि त्या तो घेऊन आल्या होत्या. दातांच्या दवाखान्यातून आणलेली गुलाबी पेस्ट मी ट्रेमध्ये भरली, काकांच्या वरच्या जबड्यावर दाबून धरली आणि घट्ट होऊ दिली. काका छताकडे बघत होते. मला वाटलं, दुखत असेल.

मी ट्रे ओढला. येईना.

"हलवून, ताई, हलवून," फोरमन म्हणाला. "अडकलेली डाय काढतो तसं."

मी हलवून ओढला. सप्प असा आवाज झाला आणि माझ्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये पेस्ट होती आणि पेस्टमध्ये काकांचे वरचे दात होते. सगळे. हिरड्यांसकट.

मी ट्रेकडे बघितलं, मग काकांकडे. काकांचा चेहरा खाली आला होता, तंबूचा खांब काढल्यासारखा. मी काकांना उपटलं, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. मी ट्रे परत त्यांच्या तोंडाशी नेला, जणू पुन्हा बसवता आला असता. फोरमन मागे सरकत सरकत त्या खोक्यावर बसला आणि किटली लवंडली. कुणी ती उचलली नाही.

"रक्त का येत नाहीये?" मालक ओरडले, माल का निघाला नाही असं विचारावं तसे. "ह्यांचं रक्त का येत नाहीये?"

काकांनी टॉवेल तोंडावर धरला. "कवळी आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?" हे काकूंनी विचारलं. डबा त्यांनी छातीशी धरला होता.

"सुरुवातीला एका गोळीत बोल्ट आला होता बघ. त्यात मोडले, मग बाकीचेही काढावे लागले."

"बोल्टाची गोष्ट तुम्ही मला बघायला आलात तेव्हा सांगितली होती!"

"हो. गोष्ट सांगितली होती."

"आणि दात?"

"लग्न ठरत होतं," काका म्हणाले. "आधी ठरू दे म्हटलं."

काकू खाली बसल्या. खुर्ची नव्हती, तरी बसल्या. "झोपताना तोंडावरून पांघरूण घेतात," त्या फोरमनला समजावून सांगू लागल्या, जणू तक्रार त्याच्याकडे नोंदवायची होती. "मला वाटायचं, डास." मग एकदम थांबल्या. "म्हणजे माझी बिस्किटं इतकी वर्षं चावली कुणी?"

फोरमनच्या मनात आजवर आमची गोळी खाल्लेल्या सगळ्या गाई आल्या असाव्यात, कारण त्याने डोक्याला हात लावला.

तरी काम थांबलं नाही. आमच्यात धक्का बसला तरी शिफ्ट पुरी करतात. मी साच्यावरून पोलादाचा जबडा बनवला, तो दाबयंत्रात बसवला, वर काटा लावला. पास झालेला प्रत्येक जुना नमुना त्याने नापास केला. गाईचा अंहं, कोंबडीचा अंहं, काकूंच्या बिस्किटालाही अंहं. कारण शोधायला वेळ लागला आणि सापडलं तेव्हा मीच जाऊन खोक्यावर बसले. काकांची कवळी उजवीकडे जरा ढिली होती आणि डावीकडे चावताना किंचित उचलली जायची. ते उचलणं म्हणजेच आमचा "हं". आमच्या कंपनीतली प्रत्येक डाय त्या हलण्यावर बेतलेली होती.

मग काकांनी स्वतःच दोन्ही कवळ्या काढून माझ्या हातात दिल्या. "तात्पुरत्या," ते म्हणाले. मी त्या मऊ रबरावर बसवल्या. सगळे नमुने जुळले. उजवीकडे गाय, डावीकडे माणूस. काका बाजूला बसून सूप पीत होते आणि स्वतःला चावताना बघत होते. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

तपासनीस बाई आल्या, तपासलं, मान डोलावली. पिशवीतून तार काढली, उपकरणाला गुंडाळली आणि शिशाचं सील मारलं.

"आता हे हलवायचं नाही. हे प्रमाण झालं."

"पण ते दात काकांचे आहेत," मी म्हटलं.

"होते," बाई म्हणाल्या.

काकांना दवाखान्यातून नवी कवळी मिळाली. पांढरीशुभ्र, घट्ट, अजिबात न हलणारी. ती घालून ते सही करायला कामावर आले. नियम असा निघाला की सही करणाऱ्याला आधी प्रमाणाशी ताडून बघायचं. बाईंनी एक गोळी उपकरणात ठेवली, त्याच घाण्यातली एक काकांना दिली. उपकरणाचा काटा पासवर गेला. काकांनी उजव्या दाढेने चावलं.

"अंहं."

दुसरी. काटा पासवर. "अंहं."

तिसरी काकांनी तोंडात न घालताच परत दिली.

"ह्या व्यक्तीचा प्रमाणाशी मेळ बसत नाही," बाईंनी सांगितलं.

"अहो, ते प्रमाण म्हणजे मीच आहे!"

"ते तुम्ही असाल," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण तुम्ही ते नाही आहात."

फोरमनने सवयीने नापास मालाची लाल चिकटपट्टी फाडली आणि काकांच्या खिशाला लावली. लावल्यावर त्याला कळलं आपण काय केलं. त्याने ती लगेच ओढून काढली, साहेब, साहेब म्हणत तिथे हात फिरवत राहिला. डिंक राहिला तो राहिलाच. मालक खिडकीतून बाहेर बघत होते, बाहेर भिंत होती.

संध्याकाळी काकूंनी बिस्किटं भाजली आणि ओट्याला टेकल्या. काकांनी एक घेतलं, डाव्या दाढेने चावलं. चावत राहिले. आम्ही वाट बघितली. "अंहं" आलं असतं तर काकूंनी पीठ पुन्हा मळलं असतं.

"कळत नाही गं," काका म्हणाले. "काहीच कळत नाही."

काकूंचा हात ओट्यावरून घसरला. आपल्या घरी असं काही झालेलं नाही, हे त्याच रात्री ठरलं. काका आता जेवायला बसतात, चार घास गिळतात आणि उठतात. त्यांचा पट्टा आता शेवटच्या भोकाच्याही आत जातो. तिथलं नवं भोक मीच पाडून दिलं.

मी एक बिस्किट लपवून कारखान्यात नेलं आणि उपकरणात ठेवलं. डावी बाजू उचलली गेली, काटा सरळ पासवर. घरी येऊन काकूंना सांगितलं.

"यंत्राच्या हंला काय जाळायचंय?" काकू म्हणाल्या. "त्यांनी म्हणायला हवं." मग जरा वेळाने, भांडं घासत: "तुझ्या ऑफिसात विचारून तर बघ."

म्हणून विचारत आहे.

प्रति, गुणवत्ता विभाग. विषय : प्रमाण-उपकरण जेवणासाठी घरी नेण्याबाबत. महोदया, उपरोक्त उपकरणाचा वरचा व खालचा भाग दर रविवारी दुपारच्या जेवणापुरता, सील न तोडता, मूळ तोंडात बसवून एक बिस्किट चावून पाहण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. उपकरण वापरानंतर धुऊन, पुसून, आहे तितकंच ढिलं परत करण्यात येईल.