मुख्याध्यापकांचा निळा चेहरा

छापखान्यातल्या काचेच्या खोलीत बसून फोटोंचे रंग ठरवणाऱ्या ताईंना आपल्या नजरेचा भारी गर्व होता. असावाच म्हणा, अठरा वर्षांत एकही मुखपृष्ठ त्यांच्या हातून बिघडलं नव्हतं. पण गेले तीन महिने छापून येणारी माणसं निळी पडत होती. शाळेच्या वार्षिक अंकात तर मुख्याध्यापक असे निळे आले, की जणू नुकतेच विहिरीतून वर काढलेत. शाळेने अख्खा गठ्ठा परत पाठवला.

ताईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र तेच मुख्याध्यापक गुलाबी, टवटवीत. मग दोष कोणाचा? छपाईयंत्र चालवणाऱ्या मामांचा. ते ताईंचे सख्खे मामा नव्हेत, सगळा छापखानाच त्यांना मामा म्हणायचा. ताई नवख्या होत्या तेव्हा शाईत शाई कशी मिसळते हे त्यांना मामांनीच शिकवलं होतं.

मामांनी आपल्या परीने सांगून पाहिलं. "ताई, शाळेचं बोधचिन्ह बघा, जसं हवं तसं येतंय. फोटो तेवढे निळे. निळी शाई कमी केली की फोटो सुधारतो, पण बोधचिन्ह फिकं पडतं. म्हणजे शाई बरोबर आहे ना? एकदा तुमचा पडदा बघता का?"

बोलणं सरळ होतं, आणि म्हणूनच ते ताईंना झोंबलं. "नाचता येईना, अंगण वाकडं! वय झालंय मामा तुमचं. आधी जाऊन डोळे तपासून घ्या."

हे ताई यंत्राशेजारी उभ्या राहून, बांधणीच्या बायका आणि कटिंगवाल्यांच्या देखत म्हणाल्या. कोणीतरी फिसकन हसलंही. मालकांनी ऐकलं आणि निकाल लावून टाकला. सोमवारपासून रंगीत यंत्र दुसऱ्याच्या हाती, मामांनी गठ्ठे बांधायचे. चौतीस वर्षं यंत्र चालवलेल्या माणसाने सुतळी घेऊन बसायचं.

आज शनिवार. सकाळी ताईंनी पडदा चालू केला तर सगळंच भडक गुलाबी. दुरुस्तीवाला आला, टकलावरून हात फिरवत पडद्यामागची केबल काढून त्याने डोळ्यांजवळ नेली.

"पिन वाकलीय. हिरवा रंग पोचतच नाही बिचारा. कधीपासून?"

"आज सकाळपासून. काल फडताळ सरकवलं होतं, तेव्हा बसला असेल धक्का."

त्याने दुसरी केबल जोडली, गुलाबी रंग गेला. ताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता हा पिवळा काढू," तो म्हणाला.

"कसला पिवळा? पांढराशुभ्र तर आहे!"

 टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्याने पडद्याला लावून धरला. कागद पांढरा होता. पडदा चहा सांडून वाळल्यासारखा दिसत होता.

"कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये काही नाही," तो कडेची बटणं दाबत म्हणाला. "पडद्यातच कोणीतरी निळा रंग पार खाली आणून ठेवलाय. डोळ्यांना सवय होते हो, मग कळत नाही. त्यात तुम्ही रंग ठरवणार म्हणजे प्रत्येक फोटोत निळा वाढवत बसणार." त्याने एक बटण दाबलं. पडदा लख्ख झाला, आणि मुख्याध्यापक ताईंच्या डोळ्यांदेखत निळे पडले.

ताईंना आठवलं. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, आणि पडदा जरा पिवळसर केला की बरं वाटतं असं वहिनी म्हणाली होती. ती बटणं त्यांनीच दाबली होती. दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखं करायचं ठरवलं होतं, आणि मग विसरूनच गेल्या.

"पावतीवर काय लिहू?"

"केबल," ताई म्हणाल्या. शब्द इतका पटकन निघाला की त्यांनाच त्याची शिसारी आली.

मालकांनी दारातून डोकावलं. "काय निघालं?"

"केबल होती. पिन वाकली होती." त्यात खोटं काहीच नव्हतं.

"बरं झालं. सोमवारी नवा माणूस येतोय यंत्रावर, त्याला पहिलं काम शाळेचंच द्या." आणि ते गेले. थांबवायला ताईंनी तोंड उघडलं खरं, पण जीभ उचलेना. अठरा वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार होतं. मामांचं गेलं तेव्हा मात्र आपण क्षणभरही थांबलो नाही, हे आठवून त्यांना स्वतःची किळस आली.

दुरुस्तीवाला गेला आणि मामा आले. हात पुसून, डॉक्टरांनी दिलेला घडीचा कागद उलगडत.

"काल अर्धी सुट्टी टाकली. डोळे तपासून आलो ताई, तुम्ही म्हणालात तसे. ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं ना, त्यातले सगळे आकडे वाचले. एकही चुकला नाही. तरी मी डॉक्टरांना म्हटलं, पुन्हा बघा, आमच्या ताईंची नजर कधी चुकत नाही."

ताईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. वहिनी, बटणं, आत्ताचं 'केबल' सुद्धा. "मामा, चुकले मी. मला माफ करा."

मामांनी पडद्यावरच्या निळ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग कागदाची पुन्हा घडी घातली.

"डोळे तपासा, हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ताई," ते शांतपणे म्हणाले. "आणि हे दार लावून सांगताय."

ते यंत्राकडे गेले. शेवटच्या दिवसाचं काम अजून उरलं होतं.

 ताई दार सताड उघडून यंत्रापाशी गेल्या. यंत्र धडधडत होतं. बांधणीच्या बायकांनी माना वर केल्या, मालक बाजूलाच कागदाचा नमुना बघत होते.

"मामा, यंत्र बंद करा," ताई म्हणाल्या. "मला जे बोलायचंय ते सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."