मासानच्या इन-सुकचे पन्नास दिवस

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या सोळा आकड्यांपैकी आता नऊच वाचता येतात. बाकीचे झिजले. मी एक क्रेडिट कार्ड आहे, कुणाच्याही उपयोगाचे न उरलेले. माझ्या मालकिणीचे नाव ओम इन-सुक. मासान बंदरात तिचे तीन खुर्च्यांचे केशकर्तनालय होते. नवरा समुद्रात बुडाला होता. आईवडील गेल्यावर धाकटा भाऊ जोंग-मान याला तिनेच वाढवले, शिकवले, सैन्यात जाताना स्टेशनवर पोचवले.

२००१ साली आमच्याकडे रस्त्यारस्त्यावर टेबल मांडून कार्डे वाटत. सही केली की वर एक पातेले फुकट. बसथांब्यासमोरच्या टेबलावरची मुलगी इन-सुकला म्हणाली, "काकू, एक तारखेला खरेदी करा. महिना संपला की बिल निघतं, ते पुढच्या वीस तारखेला भरायचं. म्हणजे पन्नास दिवस पैसे आमचे, वापरायचे तुम्ही. व्याज एक वॉनही नाही!"

"आणि तीस तारखेला घेतलं तर?"

"मग वीसच दिवस. पण तुम्ही कशाला तीस तारखेला घ्याल? हुशार दिसताय की!"

इन-सुक खरोखरच हुशार होती. केसांचे रंग, शाम्पू, टॉवेल, सगळे ती महिन्याच्या एक तारखेला घेई. वीस तारखेच्या आत बँकेत जाऊन पै न् पै भरी. शेजारची मासळीवाली चिडवायची, "काय गं, एक तारखेलाच सगळा बाजार? उरलेला महिना उपास करतेस की काय?"

"तुला नाही कळायचं. मी बँकेच्या पैशावर धंदा करते," इन-सुक म्हणायची, आणि मला पोटच्या लेकरासारखे पुसून पाकिटात ठेवायची. ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. त्या काळात कंपनीला तिच्याकडून व्याजाचा एक वॉनही मिळाला नाही. मला वाटे, मी या बाईच्या कामी आले.

जोंग-मानला तळलेल्या कोंबडीचे दुकान काढायचे होते. जागेच्या अनामतीला तीस लाख वॉन कमी पडत होते. बहिणीकडे मागायला त्याची जीभ रेटेना. पण माझा गुप्त क्रमांक त्याला ठाऊक होता. यंत्रातून पैसे कसे काढायचे ते त्यानेच तिला शिकवले होते. जून महिन्याच्या एक तारखेला, ती एका गिऱ्हाइकाच्या केसांना गुंडाळ्या लावत असताना, त्याने मला पाकिटातून काढले. दुपारच्या आत परत ठेवले. जाताना स्वतःशीच पुटपुटला, "पन्नास दिवस आहेत. त्याआधी भरून टाकीन. ताईला कळणारही नाही."

मित्रांनो, त्याला खरोखर तसेच वाटत होते. म्हणूनच जास्त वाईट वाटते.

बिल आले तेव्हा इन-सुकने ते दोनदा वाचले. काढलेली रोख रक्कम तीस लाख, आणि त्या रकमेवर पहिल्या दिवसापासूनचे व्याज. तिने भावाला बोलावून घेतले.

"हे तू काढलेस?"

"ताई, ऐक ना. वीस तारखेपर्यंत व्याज लागतच नाही. तूच सांगायचीस ना सगळ्यांना!"

"खरेदीला लागत नाही, जोंग-मान! दुकानात घासलं तर. रोख काढली की त्याच घटकेपासून मीटर सुरू होतो."

"मला काय माहीत? कुणी सांगितलं होतं?"

"मला विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर दिले असतेस?"

तिने दिले असते. हे दोघांनाही माहीत होते, आणि त्यामुळेच त्याने मान वर केली नाही. कोंबडीचे दुकान चार महिन्यांत बुडाले आणि तो पुसानला निघून गेला. फोन नंबरही बदलला.

पहिल्याच बिलाला पैसे पुरेनात, तेव्हा तिने कंपनीला फोन केला होता. पलीकडचा माणूस साखरेसारखा गोड बोलला. "अहो, काळजी कशाला? दहावा हिस्सा भरा, बाकीचं पुढे ढकलू. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकासाठी एवढं करणारच."

तिने दहावा हिस्सा भरला. जे त्याने सांगितले नाही ते असे: बिल पूर्ण भरले तरच ते मोफत दिवस मिळतात. थोडे जरी मागे राहिले, तरी राहिलेल्या रकमेवर व्याज, आणि नव्या खरेदीवरही घेतल्या दिवसापासून व्याज. पुढच्या एक तारखेला तिने नेहमीसारखे रंग आणि शाम्पू घेतले. आता एक तारीख आणि तीस तारीख तिला सारखीच होती. कॅलेंडरवर एक तारखेभोवतीचा नेहमीचा लाल गोल मात्र ती करतच राहिली.

मग माझे बिल भरायला तिने दुसरे कार्ड घेतले. दुसऱ्याचे भरायला तिसरे. पाकिटात आम्ही चौघे झालो. एके दिवशी चारही कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि वसुलीवाले दुकानात फोनवर फोन करू लागले. एकदा तर डोक्याला फेस लावून बसलेल्या बाईनेच फोन उचलला. पलीकडून जे ऐकले ते तिने संध्याकाळपर्यंत गल्लीभर केले. इन-सुकच्या तिन्ही खुर्च्या एका टेम्पोतून गेल्या. ज्या हातांनी ती नवऱ्यामुलींचे केस बांधायची, त्या हातांनी आता धक्क्यावर शिंपले सोलायला लागली. आठ वर्षे सोलून तिने सगळे फेडले. मला तिने मोडले नाही. का, ते मला माहीत नाही.

शेवटचा हप्ता फिटला त्या शरदात जोंग-मान आला. टक्कल पडले होते. त्याने दोन्ही हातांनी नोटांचे पाकीट पुढे केले.

"ताई, पूर्ण तीस लाख आहेत. मोजून घे. फिटलं एकदाचं."

तिने ते घेतले. मोजले नाही. तिने किती भरले होते, तेही सांगितले नाही. तो थोडा वेळ दारात घुटमळला, चपलांकडे बघत. मग गेला. घरी आलेल्या माणसाला "जेवलास का?" असे न विचारता तिने आयुष्यात पहिल्यांदाच परत पाठवले. सख्ख्या भावाला.

मित्रांनो, मी वाईट नाही, पण मी कुणाची मैत्रीणही नाही. कुणी तुम्हाला मोफत दिवस देऊ केले, तर दिवस मोजण्याआधी दोन गोष्टी विचारा: ते कशाकशाला मोफत आहेत, आणि एक वॉन कमी पडला तर त्यांचे काय होते? इन-सुकने हे विचारले नाही. अर्जाच्या मागच्या बाजूला ते छापलेले होते, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या टेबलावर तो अर्ज पालथाच पडला होता, पण त्या अक्षरांवर फुकटचे पातेले ठेवले होते.