माझी आठवी पायरी

मित्रांनो, माझ्याकडे याल तेव्हा पायऱ्या मोजत या. का, ते ओघात कळेलच.

मी एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली दोन गाळे, वर एक लांबलचक खोली, आणि खालून वर जाणारा एकोणीस पायऱ्यांचा जिना. दारावरची पाटी इतक्या वेळा बदलली की माझं स्वतःचं असं नावच उरलं नाही. पण त्याचं मला वाईट वाटत नाही. जिन्यात नवं पाऊल वाजलं की मी कान टवकारते. हे कोण? कशाला आलं? आता माझं काय करणार?

मला बांधलं चहाच्या एका व्यापाऱ्यानं, वखार म्हणून. वरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक दार होतं आणि त्या दाराबाहेर काहीच नव्हतं. ना गच्ची, ना कठडा. फक्त वर एक लोखंडी आकडा. त्याला कप्पी लावून चहाच्या पेट्या थेट रस्त्यावरून वर ओढायचे. माझ्या तुळयांना अजूनही चहाचा वास येतो.

जिना बांधणारा गवंडी कामाला चोख होता. प्रत्येक पायरी सात इंच उंच हवी, म्हणून त्यानं मापाची एक काठी कापून ठेवली होती. सात पायऱ्या झाल्या. तो हात धुवायला गेला आणि तेवढ्यात त्याच्या बायकोनं ती काठी चुलीत सारली. त्यानं अंदाजानं नवी कापली. आठवी पायरी बसल्यावर पट्टी लावून पाहतो, तर साडेआठ इंच.

"मला काय माहीत ते माप होतं? जळणासारखंच दिसत होतं," बायको म्हणाली.

"जाऊ दे. दीड इंच कुणाच्या लक्षात येतोय," असं म्हणून त्यानं पुढच्या अकरा पायऱ्या बरोबर सात इंचांच्या केल्या.

डोळ्यांच्या नाही, पण पायांच्या लक्षात आलं. पाय फार हिशेबी असतात हो. सात वेळा सारखं उचलल्यावर आठव्यांदाही ते तेवढेच उचलले जातात. पहिल्याच दिवशी खुद्द व्यापारी माझ्या आठवीला अडखळला. तीच माझी आयुष्यभराची खोड.

वखार गेली, टंकलेखनाचा वर्ग आला. हवेत उघडणारं ते दार अर्धं बुजवून तिथं गजांची खिडकी केली. तीस यंत्रं एकदम वाजू लागली की मला गुदगुल्या व्हायच्या. वर्गाचे सर जिन्याच्या तोंडाशीच बसत आणि खालून पाऊल वाजलं की मान वर न करता हाक देत, "आठवी!"

एकदा एक नवी मुलगी वर येत होती. हाक ऐकून तिनं नम्रपणे उत्तर दिलं, "नाही सर, बारावी झालीय माझी," आणि दाणकन आपटली.

"बारावी झाली, तरी आठवीलाच नापास," सर म्हणाले. सगळा वर्ग हसला. ती मुलगीही गुडघा चोळत हसली.

पुढे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं, 'आठवी सांभाळा'. ते म्हणायचे, "निम्म्या लोकांची दाढ आठवीलाच दुखायची थांबते. माझ्यापर्यंत आजार पोचतच नाही." त्यांच्यानंतर पार्सलांचं कार्यालय आलं. त्यांनी भिंतीला नवा रंग दिला आणि लाल अक्षरं त्याखाली गेली. मग तेही गेले. कुलूप लागलं. कित्येक वर्षं मी फक्त कबुतरांची पावलं ऐकली, आणि कबुतरं काही जिना चढून येत नाहीत.

मित्रांनो, रिकाम्या घराला सगळ्यात जास्त काय छळतं माहीत आहे? पुढे काय होणार, हा प्रश्न.

मग एक दिवस कुलूप निघालं. आतापर्यंत आले ते सगळे आधी माझी लांबी-रुंदी विचारायचे. ही बाई आली ती लेकीला कडेवर घेऊन. तिनं खिडकीच्या गजांमध्ये मूठ घालून पाहिली. विजेची बटणं किती उंचीवर आहेत ते पाहिलं. दार वाऱ्यानं आपटलं तर बोटं कुठे सापडतील, याचा विचार करत ती बिजागरीपाशी बराच वेळ उभी राहिली. इतक्या बारकाईनं मला कुणीच पाहिलं नव्हतं. तिला पाळणाघर काढायचं होतं. नोकरीवर जाताना लेकीला विश्वासानं कुठे ठेवावं हे तिला कुठेच सापडलं नव्हतं, म्हणून शेवटी तीच ती जागा उभी करायला निघाली होती.

तिच्या मदतीला एक मावशी होत्या. त्यांनी जिन्यात पाय ठेवला आणि मला पाऊल ओळखीचं वाटलं. सातव्या पायरीवर त्या थांबल्या, हसल्या आणि गुडघ्यावरून हात फिरवला. बारावी झालेली ती हीच.

परवानगीसाठी साहेब आले. त्यांनी एकेक पायरी मोजली. सात, सात, सात... साडेआठ.

"मुलांच्या जागेला असा जिना चालणार नाही, ताई," ते म्हणाले. "मी पंधरा दिवसांनी परत येतो. तेव्हाही असाच असेल, तर सही होणार नाही."

माझी मालकीण शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मग मलाही थांबता येणार नाही हं. पाडून गाड्या लावायची जागा करायची म्हणून एक जण कधीचा मागे लागलाय."

गवंडी आला. नव्या जमान्याचा, मोबाइलवर बोलत. पण त्यानं भिंतीवर टिचकी मारून ऐकलं, तेव्हा मला तो आवडला.

"जिना भिंतीत गुंतलाय. हा तोडला तर भिंत येईल खाली," तो म्हणाला.

"मग नुसती आठवीच कापा ना."

"ती कापली की नववी उंच होणार, ताई. दुखणं एक पायरी वर जाईल, बाकी काही नाही."

तो गेला. ताई पहिल्या पायरीवर बसून राहिली. मी भिंतीला भिंत लावून ऐकत होते. आता माझं काय होणार? आणि हिचं?

मावशी म्हणाल्या, "अगं, दीड इंच तर आहे. आम्ही सगळ्यांनी काढलेच ना दिवस."

"तुम्ही मोठ्या होतात, मावशी. माझं माणूस अडीच वर्षांचं आहे." मग तिनं वळून एकेका पायरीकडे पाहिलं. "सगळ्यांनी, म्हणालात?"

तिनं खेळण्यांच्या खोक्याचे पुठ्ठे कापले. पहिल्या पायरीवर एक ठेवला. दुसरीवर दोन. तिसरीवर तीन. लेकीला वाटलं, खेळच मांडलाय; ती पुठ्ठे आणून देऊ लागली. सातवीवर सातांची चळत झाली. ताई खालून चढली. एकदा, दोनदा, डोळे मिटून तिसऱ्यांदा. आठवीला पाय अडखळला नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी बराच वेळ त्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिला. "दीड इंच म्हणजे बारा सूत," तो पुटपुटला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "आठ जणींत वाटले, तर प्रत्येकीला दीड सूत. अहो ताई, हे मला सुचायला हवं होतं."

पुठ्ठ्यांच्या जागी त्यानं पक्के थर चढवले, प्रत्येक पायरीवर खालच्या पायरीपेक्षा दीड सूत जास्त. आठवीला त्यानं हातही लावला नाही. खालच्या सातजणी थोड्या थोड्या उचलल्या गेल्या, आणि ती आपोआप त्यांच्यातली एक झाली. साहेब आले, मोजलं, पुन्हा मोजलं. "कुठली होती हो ती?" असं विचारून त्यांनी सही केली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूत, जुन्या घरात खोट दिसली तर लगेच पाडायला निघू नका. आणि ती खोट एकट्या कुणाच्या माथी मारण्याआधी, थोडी थोडी सगळ्यांना उचलता येते का, ते करून पाहा.

आता सकाळी छोटी छोटी पावलं वाजतात आणि मी प्रत्येक पाऊल ऐकते. यातलं पुढे कोण काय होणार? मावशी जिन्याच्या तोंडाशी बसतात, आणि मान वर न करता त्यांच्या तोंडून हाक जातेच, "आठवी!"

मुलं सातवीवर थांबतात, एकमेकांचे हात धरतात आणि पाय उगाचच खूप उंच उचलतात. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, "इथे काय आहे?"

ताईची लेक म्हणाली, "काही नाही. पण हात धर."