अर्ध्या वाटेवर थांबणारा काटा

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मला हातात घेण्याआधी बोटे पुसा आणि उगाच बटण दाबू नका. रागावू नका, संशय घेणे हा माझा स्वभावच आहे. जन्मभर घोड्यांच्या शर्यती पाहिल्या की असेच होते.

मला दोन लांब काटे आहेत. शर्यत सुटली की दोघे बरोबर निघतात. घोडा अर्ध्या वाटेवरच्या पांढऱ्या खांबाशी आला की बटण दाबायचे, मग एक काटा थांबतो आणि दुसरा शेवटपर्यंत धावतो. त्यामुळे घोड्याने आपला दम कुठे खर्च केला, हे माझ्याकडे पाहून कळते. आधीच उधळलेला घोडा शेवटी धापा टाकतो. दम राखून ठेवलेला शेवटी सुसाट सुटतो.

कोणत्या घोड्याने पाठीवर किती वजन घेऊन धावायचे, ते माझे मालक ठरवत. तगड्याला जास्त, कमजोराला कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. लोक फक्त पहिला कोण आला ते बघत. मालक माझे काटे बघत. "हे घड्याळ म्हणजे माझा उजवा हात," असे ते चारचौघांत सांगत, तेव्हा माझी छाती फुगून येई.

मग ती तांबडी घोडी आली. तिचा जॉकी म्हणजे मालकांचा जावई. तांबडी दर वेळी मागे पडायची, म्हणून तिच्या पाठीवरचे वजन दर वेळी उतरायचे. मला मात्र काही ते पटेना. खांबापर्यंत ती फेरफटका मारायला निघाल्यासारखी यायची आणि त्यानंतर जिंकणाऱ्या घोड्यापेक्षाही जोरात धावायची! मालकांच्याही मनात पाल चुकचुकली. पुढच्या शर्यतीत त्यांनी दुर्बीण जावयाच्या हातांवर रोखली. खांब येईपर्यंत लगाम करकचून आवळलेला होता. हरत हरत वजन उतरवून घ्यायचे आणि मग मोठी शर्यत मारायची, असा सगळा डाव होता.

हे उघड झाले असते, तर जावयाला पुन्हा कोणी घोड्यावर बसू दिले नसते. हे कळताच मालकांची मुलगी धावत त्यांच्या खोलीत आली.

"बाबा, तुम्ही यांची तक्रार करणार आहात?"

"अगं, काटे बघ ना जरा!"

"जुनं झालंय ते. चुकत असेल. यांचं काम गेलं तर आम्ही काय करायचं, सांगा ना!"

मालक मला घेऊन घड्याळजीकडे गेले. त्याने मला उघडले, भिंगातून निरखले.

"साहेब, काही झालेलं नाही याला."

"अर्ध्या वाटेवर चुकतंय."

"छे हो, बिलकूल नाही."

"मग... थोडं चुकेल असं करून द्या."

घड्याळजीने माझे झाकण लावले आणि मला त्यांच्या हातात ठेवले. "असली कामं मी घेत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या पंचांच्या बैठकीत मालकांनी सांगितले, "माझं घड्याळ बिघडलंय. तांबडी कमजोरच आहे, तिचं वजन उतरवा." मी त्यांच्या खिशात होतो, आणि माझी टिकटिक अगदी बरोबर चालली होती. फार वाईट वाटले, मित्रांनो.

मोठी शर्यत तांबडीने मारली. तिच्या मागोमाग एक पांढरा घोडा आला. पाठीवर सगळ्यांत जास्त वजन घेऊन तो खरोखर जीव तोडून धावला होता. त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

आता मी कपाटात, मऊ कापडात असतो. मालक मला रोज बाहेर काढतात, काच पुसतात, चावी देतात. बटण मात्र कधीच दाबत नाहीत. पाहुणे म्हणतात, काय निगा राखलीय! मित्रांनो, तुम्हीही वस्तू जपा, पण अशा नका जपू. आमच्याकडून काम घ्या. आणि आम्ही दाखवलेले तुम्हाला नाही रुचले, तर तोंड फिरवा हवे तर. पण आम्हाला बिघडलेले म्हणू नका.